जनुकाच्या तोंडाशी कोण कोण बसतं?

बेकरीतल्या पावाचं यीस्ट आणि दिंडोरीच्या एखाद्या वाइनरीत टाकीत सोडलेलं यीस्ट एकाच प्रजातीचं: सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. १६ गुणसूत्रं, सुमारे १ कोटी २० लाख अक्षरांचा डीएनए आणि त्यात जवळपास ६,००० जनुकं. १९९६ साली हा सगळा डीएनए वाचून झाला. पेशीत केंद्रक असलेल्या सजीवांमध्ये हा मान सर्वांत आधी यीस्टला मिळाला. पण जनुकांची यादी हाती आली म्हणून त्यातली आत्ता कोणती चालू आहेत आणि कोणती बंद, हे कळत नाही. जानेवारी ते मार्चच्या हंगामात निफाड-दिंडोरीचा द्राक्षांचा माल क्रश होऊन टाकीत गेला, की लीटरभर रसात २०० ते २४० ग्रॅम साखर असते, साधारण निम्मी ग्लुकोज आणि निम्मी फ्रुक्टोज. त्या रसात यीस्ट पडलं की गॅलॅक्टोज, माल्टोज वगैरे दुसऱ्या साखरा पचवण्याची जनुकं ते मिटून टाकतं, हवा असली तरी श्वसनाची बरीच जनुकं मंद करतं आणि सरळ अल्कोहोल करायला लागतं. कुणी सांगितलं त्याला?

जनुकाला बटण असतं असं शाळेत शिकवून मोकळे होतात. प्रत्यक्षात जनुकाच्या तोंडाशी, म्हणजे प्रोमोटर नावाच्या डीएनएच्या पट्ट्यावर, प्रथिनांचा एक मोठा जमाव जुळून यावा लागतो. तो जुळला तर जनुकाची नक्कल, म्हणजे आरएनए, बनायला सुरुवात होते, नाही जुळला तर होत नाही. आरएनए बनवणारं यंत्र, आरएनए पॉलिमरेज-२, १२ प्रथिनांचं असतं आणि ते पेशीत सतत हजर असतं. नियंत्रण बहुतांशी एवढ्याच गोष्टीवर चालतं: या यंत्राला कोणत्या प्रोमोटरवर कोण ओढून आणतं आणि कोण अडवतं.

अडवण्यात पहिला नंबर हिस्टोनांचा. आठ हिस्टोन प्रथिनांच्या गोळ्याभोवती डीएनएची १४७ अक्षरं पावणेदोन वेढ्यांच्या आसपास गुंडाळलेली असतात. या एककाला न्यूक्लिओसोम म्हणतात. प्रोमोटरची मोक्याची जागा त्याच्याखाली दबली तर तिथे दुसरं कोणी बसू शकत नाही. घरकामाच्या रोजच्या जनुकांच्या प्रोमोटरवर यीस्ट एक पट्टा कायम मोकळा ठेवतं आणि आरएससी नावाचं यंत्र एटीपी (पेशीचं इंधन) खर्चून तो मोकळा राखतं. ताण, उपासमार, नवी साखर अशा प्रसंगी लागणाऱ्या जनुकांचे प्रोमोटर मात्र पुष्कळदा झाकलेले असतात. ते उघडायला स्वाय-स्निफ नावाचं दुसरं यंत्र बोलवावं लागतं. त्याचे काही भाग सापडले तेच मुळी सुक्रोजवर वाढू न शकणाऱ्या यीस्टच्या म्यूटंटमधून, म्हणजे जनुक बिघडलेल्या पेशींमधून.

आता जमाव कसा जुळतो ते पाहू. शास्त्रज्ञ त्याला प्री-इनिशिएशन कॉम्प्लेक्स म्हणतात, सोयीसाठी पीआयसी. सुरुवात टीबीपी या एका प्रथिनाने होते. हे प्रथिन डीएनएवर घोड्याच्या खोगिरासारखं बसतं आणि डीएनएला जवळजवळ काटकोनात वाकवतं. त्याची आवडती जागा म्हणजे टाटा बॉक्स, टीएटीएएए अशा अक्षरांचा क्रम. यीस्टच्या फक्त २० टक्क्यांच्या आसपास जनुकांत तो नीट सापडतो. उरलेल्यांत टीबीपी बसतंच, पण त्याला बसवायला टीएफआयआयडी या संकुलातली १४ सहकारी प्रथिनं जास्त लागतात.

टीबीपी बसलं की टीएफआयआयए आणि टीएफआयआयबी ही मदतनीस प्रथिनं येऊन त्याला पक्कं करतात. टीएफआयआयबीचं एक टोक पॉलिमरेजच्या आत शिरतं, त्यामुळे पॉलिमरेज (सोबत टीएफआयआयएफ) योग्य जागी येऊन टेकतं. मग टीएफआयआयई, आणि शेवटी १० प्रथिनांचं टीएफआयआयएच. इथवर मोजलं तर एका टीबीपीसह ३१ प्रथिनं झाली. टीएफआयआयएचमधलं एसएसएल-२ हे प्रथिन एटीपी जाळून पुढचा डीएनए पॉलिमरेजच्या दिशेने आत ढकलतं. ढकलल्याने पीळ साचतो, डीएनएचे दोन धागे सुटे होतात आणि उघडा धागा पॉलिमरेजच्या खाचेत उतरतो.

यीस्टची एक खोड इथे ध्यानात ठेवावी लागते. माणसात टाटा बॉक्सपासून ३० अक्षरांच्या आसपास आरएनए सुरू होतो. यीस्टमध्ये पॉलिमरेज खालच्या दिशेला चाचपत जातं आणि ४० ते १२० अक्षरांमध्ये कुठेतरी, मनाजोगती जागा मिळाली की सुरुवात करतं. म्हणून यीस्टचं प्रोमोटर प्लास्मिडात (पेशीत घालता येणाऱ्या डीएनएच्या छोट्या वर्तुळात) घालताना मानवी जनुकाच्या हिशेबाने टाटा बॉक्सच्या जरा पुढे कात्री लावली, तर सुरुवातीची खरी जागाच तुटून जाते आणि जनुक मुकं राहतं.

पॉलिमरेजला एक लांब शेपूट असतं, त्यात सात अमिनो आम्लांची तीच ती ओळ यीस्टमध्ये २६ वेळा आणि माणसात ५२ वेळा येते. टीएफआयआयएचमधलं किन-२८ या ओळीतल्या पाचव्या जागच्या सेरीनला फॉस्फेट जोडतं. फॉस्फेट लागलं की पॉलिमरेज प्रोमोटरवरच्या मंडळींपासून सुटतं, पुढे धावायला लागतं आणि आरएनएच्या टोकाला टोपी चढवणारी एन्झाइमं त्या शेपटावर येऊन बसतात.

एवढे सगळे घटक शुद्ध करून परीक्षानळीत एकत्र केले तर आरएनए बनतो, हे १९९०च्या आधीच कळू लागलं होतं. घोळ असा होता की त्या नळीत जनुक वाढवणारं प्रथिन, म्हणजे ॲक्टिव्हेटर, टाकलं तरी काही फरक पडेना. यीस्टच्या पेशींचा कच्चा अर्क थोडा मिसळला तर मात्र आरएनए वाढे. त्या अर्कात काहीतरी होतं, जे ॲक्टिव्हेटरचा निरोप पॉलिमरेजपर्यंत पोचवत होतं. रॉजर कॉर्नबर्ग यांच्या प्रयोगशाळेने ते १९९४ मध्ये शुद्ध रूपात वेगळं केलं: मीडिएटर, २५ प्रथिनांचं संकुल. कॉर्नबर्ग यांना २००६ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते ट्रान्सक्रिप्शनच्या, म्हणजे जनुकावरून आरएनए बनवण्याच्या, यंत्राची रचना उलगडल्याबद्दल. पण माझ्या मते यीस्टकडून मिळालेली मोठी शिकवण मीडिएटरचीच आहे. त्याचा शेपटाकडचा भाग ॲक्टिव्हेटरला धरतो, डोक्याकडचा भाग पॉलिमरेजला. चार प्रथिनांचा एक तुकडा त्याला मधूनमधून जोडला जातो आणि तो जोडलेला असेपर्यंत पॉलिमरेजला जागा मिळत नाही.

हे सगळं एका जनुकावर चालताना बघायचं असेल तर गॅल-१ सारखं उदाहरण नाही. गॅलॅक्टोज ही दुधातल्या लॅक्टोजची अर्धी बाजू. ती पचवायला लागणाऱ्या पहिल्या एन्झाइमचं हे जनुक, आणि ते बंद असताना व पूर्ण चालू असताना त्याच्या आरएनएमध्ये हजार पटीच्या घरातला फरक असतो. त्याच्या वरच्या अंगाला, शेजारच्या गॅल-१० बरोबर सामाईक पट्ट्यात, चार जागा आहेत: सीजीजी, मग कोणतीही ११ अक्षरं, मग सीसीजी. या १७ अक्षरांवर गॅल-४ हे प्रथिन जोडीने बसतं. गॅल-४ हे ८८१ अमिनो आम्लांचं. सुरुवातीची शंभरेक अमिनो आम्लं डीएनएला धरतात आणि शेपटाकडची अमिनो आम्लं यंत्रसामग्रीला बोलावतात. ही दोन कामं खरोखर वेगळी आहेत, हे मार्क टाश्नी यांच्या प्रयोगशाळेने १९८५ मध्ये दाखवलं: गॅल-४ ला जिवाणूच्या लेक्स-ए या प्रथिनाचा डीएनए धरणारा भाग जोडला, तर ते लेक्स-एच्या जागेवर बसून यीस्टचं जनुक चालू करतं.

यीस्ट रॅफिनोज या तिसऱ्याच साखरेवर वाढत असेल, म्हणजे ना ग्लुकोज ना गॅलॅक्टोज, तर गॅल-४ आपल्या जागेवर आधीच बसलेलं असतं. पण गॅल-८० त्याच्या शेपटाला चिकटून ते झाकून ठेवतं. गॅलॅक्टोज आत आलं की गॅल-३ हे प्रथिन गॅलॅक्टोज आणि एटीपी धरतं आणि त्या रूपात गॅल-८० ला आपल्याकडे खेचतं. गॅल-४ चं शेपूट मोकळं होतं. मग तिथे आधी येतं सागा, जवळपास १९ प्रथिनांचं संकुल. त्याच्यामागून मीडिएटर, मग टीबीपी आणि पॉलिमरेज. स्वाय-स्निफ वाटेतले न्यूक्लिओसोम हटवतं. रॅफिनोजमधून निघालेल्या पेशींत हे सगळं काही मिनिटांत उरकतं.

सागामध्ये जीसीएन-५ नावाचं एन्झाइम असतं, ते हिस्टोनांच्या टोकांना ॲसिटाइल गट जोडतं. बरीच वर्षं पाठ्यपुस्तकांत सागाचं काम एवढंच असल्यासारखं लिहिलं जायचं. गॅल-१ वर मात्र जीसीएन-५ काढून टाकलं तरी फार बिघडत नाही. सागाचा सांगाडा धरून ठेवणारं एसपीटी-२० काढलं की जनुक जवळपास बंद पडतं, आणि टीबीपी बसवायला मदत करणारं एसपीटी-३ काढलं तरी मोठा फटका बसतो. म्हणजे इथे सागाचा उपयोग टीबीपी आणून बसवायला जास्त आहे. दुसऱ्या जनुकांवर हाच हिशेब वेगळा निघतो.

ग्लुकोज असलं की चित्र पालटतं. मिग-१ हे प्रथिन गॅल-१ च्या प्रोमोटरवर आणि खुद्द गॅल-४ च्या जनुकावरही बसतं आणि सीवायसी-८ व टप-१ यांचं संकुल बोलावून जागा बंद करतं. गॅल-४ कमी बनतं, गॅल-३ कमी बनतं, गॅलॅक्टोज आत नेणारं गॅल-२ बनत नाही. एकाच गोष्टीला तीन-चार कुलपं. ग्लुकोज संपल्यावर एसएनएफ-१ हे एन्झाइम मिग-१ ला फॉस्फेट लावतं, मिग-१ केंद्रकाबाहेर जातं आणि मगच वाट खुली होते. म्हणून ग्लुकोजवर वाढलेल्या पेशी थेट गॅलॅक्टोजमध्ये टाकल्या तर गॅल-१ चालू व्हायला तास लागतात.

नाशिकच्या महाविद्यालयात मायक्रोबायोलॉजीची साधी प्रयोगशाळा असली तरी हे डोळ्यांनी पाहता येतं. गॅल-१ चा सुमारे ४५० अक्षरांचा प्रोमोटर जिवाणूच्या लॅक-झेड जनुकाला जोडलेलं प्लास्मिड घ्यायचं. गॅल-१ चा प्रोमोटर चालू झाला की लॅक-झेडचं एन्झाइम, बीटा-गॅलॅक्टोसायडेज, बनतं आणि ओएनपीजी हा रंगहीन पदार्थ पिवळा होतो. पेशी २ टक्के रॅफिनोजच्या, युरॅसिल नसलेल्या माध्यमात रात्रभर ३० अंश सेल्सियसला, मिनिटाला २०० फेऱ्यांच्या शेकरवर वाढवायच्या. युरॅसिल वगळायचं कारण: प्लास्मिडावर युरॅसिल बनवणारं जनुक असतं, त्यामुळे प्लास्मिड टाकून देणाऱ्या पेशी मागे पडतात. सकाळी पातळ करून ६०० नॅनोमीटरला ऑप्टिकल डेन्सिटी (पेशींमुळे आलेल्या गढूळपणाचं माप) ०.४ ते ०.६ आली की २० टक्के गॅलॅक्टोजचं द्रावण एकास नऊ प्रमाणात मिसळायचं, म्हणजे शेवटी २ टक्के होतं. ०, ३०, ६० आणि १२० मिनिटांनी प्रत्येकी १ मिलिलीटर काढून पेशी खाली बसवायच्या, पीएच ७ च्या बफरमध्ये घ्यायच्या, क्लोरोफॉर्मचे दोन थेंब आणि ०.१ टक्का एसडीएसचा एक थेंब घालून १०-१५ सेकंद घुसळायच्या. लिटरला ४ ग्रॅमच्या ओएनपीजीचे २०० मायक्रोलीटर घालून घड्याळ लावायचं. पिवळा रंग दिसला की १ मोलर सोडियम कार्बोनेटचं अर्धा मिलिलीटर घालून थांबवायचं, पेशींचे तुकडे सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवून ४२० नॅनोमीटरला वाचायचं. वाचनाला १,००० ने गुणून मिनिटं, काढलेल्या नमुन्याचे मिलिलीटर आणि ऑप्टिकल डेन्सिटी यांनी भागलं की मिलर युनिट मिळतात.

बिघडतं ते सहसा चार ठिकाणी. पहिलं, गॅलॅक्टोज. स्वस्त प्रतीच्या बाटलीत ग्लुकोजची भेसळ असते आणि ती थोडी असली तरी मिग-१ ला तेवढं पुरतं. कमी ग्लुकोजची प्रत बघून घ्यावी आणि द्रावण ऑटोक्लेव्ह न करता फिल्टरने गाळावं. दुसरं, यीस्टचा प्रकार. एस२८८सी या मूळ प्रयोगशाळेतल्या जातीत गॅल-२ चं जनुक बिघडलेलं आहे, गॅलॅक्टोज आतच नीट जात नाही. ज्या जातीवर काम करायचं ती गॅलॅक्टोजच्या प्लेटवर वाढते का हे आधी पाहावं. तिसरं, तापमान. एप्रिल-मेच्या उन्हात वीज गेली आणि शेकर बंद पडून फ्लास्क ३७ अंशांच्या वर गेले, तर एचएसएफ-१ हे प्रथिन उष्णतेची जनुकं चालू करतं आणि सगळी मोजमापं हलतात. असे फ्लास्क सरळ टाकून द्यावेत. चौथं, समजुतीचं. बीटा-गॅलॅक्टोसायडेज टिकाऊ एन्झाइम आहे. ग्लुकोज घातल्यावर जनुक काही मिनिटांत बंद होतं, पण आधी बनलेलं एन्झाइम तसंच काम करत राहतं, म्हणून पिवळा रंग येतच राहतो. जनुक बंद होण्याचा वेग मोजायचा असेल तर आरएनए मोजण्याला पर्याय नाही.

मोजमाप फसलं की सिद्धान्तही फसतो, याचं एक मोठं उदाहरण यीस्टमध्येच घडलं. २००४ मध्ये जनुकांची अशी वाटणी मांडली गेली की ९० टक्के जनुकं टीएफआयआयडीवर चालतात आणि उरलेली १०, मुख्यतः टाटा बॉक्सवाली ताणाची जनुकं, सागावर. वाटणी सुटसुटीत होती, लोकांना आवडली, वर्षानुवर्षं वापरली गेली. मोजलेलं काय होतं? पेशीत साचलेला आरएनए. पण सागा बिघडवल्यावर पेशी नवा आरएनए कमी बनवते आणि त्याच वेळी जुना आरएनए सावकाश मोडते. साठा जवळपास तेवढाच राहतो आणि वाटतं, या जनुकाला सागाची गरजच नव्हती. २०१७ मध्ये दोन गटांनी काही मिनिटांत तयार झालेला ताजा आरएनए वेगळा मोजला, तेव्हा जवळजवळ सगळ्या जनुकांना सागाही लागतो आणि टीएफआयआयडीही, असं दिसलं. जुनी वाटणी पूर्ण खोटी ठरली नाही. टीएफआयआयडी झटपट काढून घेतल्यावर काही थोडी जनुकं खरोखर तग धरतात, आणि ती बहुतेक त्या जुन्या सागाच्या यादीतलीच निघतात.

झटपट काढून घेणं हाही कसबाचा भाग. एक रीत अशी: हव्या त्या प्रथिनाला एक शेपटी जोडायची आणि रॅपामायसिन हे औषध घातल्यावर ते केंद्रकाबाहेर ओढलं जाईल अशी व्यवस्था करायची. अडचण ही की रॅपामायसिन स्वतःच यीस्टच्या टॉर या एन्झाइमला रोखतं आणि शेकडो जनुकं हलवतं. म्हणून या प्रयोगासाठी रॅपामायसिनला न जुमानणारं टॉर असलेलीच जात घ्यावी लागते. ही दक्षता न घेतलेल्या आकडेवारीत प्रथिन काढल्याचा परिणाम कोणता आणि औषधाचा कोणता, हे वेगळं करता येत नाही.

फॉर्मल्डिहाइडने प्रथिनं डीएनएला चिकटवून मोजण्याची चिप नावाची पद्धतही अशीच निसरडी आहे. १ टक्का फॉर्मल्डिहाइड, १० ते १५ मिनिटं, मग ग्लायसिनने थांबवणं, हा नेहमीचा क्रम. मीडिएटर प्रोमोटरवर क्षणभर येतं आणि किन-२८ ने फॉस्फेट लावताच निघून जातं, त्यामुळे त्याचा संकेत क्षीण मिळतो. किन-२८ रोखलं की तोच संकेत ठळक होतो. उलट बाजूने, जोरात चालणाऱ्या जनुकांवर डीएनएशी काही देणंघेणं नसलेलं हिरवं चमकणारं प्रथिनसुद्धा बसलेलं दिसतं, हे २०१३ मध्ये दाखवलं गेलं. म्हणून असं निरुपयोगी प्रथिन तुलनेला न ठेवता केलेल्या चिपवर माझा तरी विश्वास बसत नाही.

टॉरचा विषय निघालाच आहे तर वाइनरीत त्याचा सगळ्यात व्यवहारी उपयोग नत्रात आहे. रसात अमोनियम किंवा ग्लुटामिनसारखं सोपं नत्र असलं की टॉर जोमात असतं आणि जीएलएन-३ हे ॲक्टिव्हेटर यूआरई-२ या प्रथिनाच्या मिठीत केंद्रकाबाहेर अडकून पडतं. सोपं नत्र कमी झालं की जीएलएन-३ सुटतं, केंद्रकात जाऊन जीएटीएए या अक्षरांवर बसतं आणि पीआयसीची मंडळी गोळा करतं. त्यातून गॅप-१ चालू होतं, जे जवळपास सगळी अमिनो आम्लं आत घेतं.

यातून टाकीत नत्र वाढवायला डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) कधी टाकायचं ते कळतं. शेतात पोत्यातून टाकतो तेच संयुग, फक्त टाकीत खाद्य दर्जाचं हवं. त्यात २१ टक्के नत्र असतं. १०,००० लीटर रसात यीस्टला वापरता येईल असं नत्र लीटरमागे १०० मिलिग्रॅम भरलं आणि १६० पर्यंत न्यायचं असेल, तर लीटरमागे ६० मिलिग्रॅम नत्र, म्हणजे डीएपी सुमारे २८५ मिलिग्रॅम, म्हणजे टाकीला जवळपास २ किलो ८५० ग्रॅम. सगळं पहिल्याच दिवशी ओतलं, तर अमोनियममुळे गॅप-१ सारखी जनुकं मिटलेली राहतात आणि द्राक्षातलीच अमिनो आम्लं मागे पडतात. शिवाय पेशी एकदम वाढून टाकी तापते. त्यापेक्षा ब्रिक्स (रसातल्या साखरेची टक्केवारी) दोन-तीनने उतरल्यावर अर्धं आणि एक तृतीयांश साखर संपल्यावर उरलेलं, असे दोन हप्ते करावेत. यीस्ट भिजवायच्या ३५ ते ४० अंशांच्या पाण्यात डीएपी कधीच घालू नये. कोरड्या पेशींचा पडदा अजून सावरलेला नसतो आणि क्षार त्यांना मारतो.

नत्राचं मोजमाप करताना प्रोलिन धरत नाहीत. द्राक्षात ते भरपूर असतं, पण ते वापरायला ऑक्सिजन लागतो आणि आंबताना टाकीत तो नसतो. युरियाचंही ध्यान ठेवावं लागतं. यीस्ट आर्जिनिन मोडतं तेव्हा युरिया तयार होतो. तो पचवणारं ड्युर-१,२ हे जनुकही जीएलएन-३ वर अवलंबून, म्हणजे अमोनियम जास्त असेपर्यंत मिटलेलं. न पचलेला युरिया वाइनमध्ये उतरतो आणि साठवणीत, विशेषतः गरम गोदामात, अल्कोहोलशी जुळून एथिल कार्बामेट बनवतो, जे कर्करोगकारक असल्याचा दाट संशय असलेल्या पदार्थांच्या यादीत आहे. उशिरा टाकलेल्या डीएपीने हाच धोका वाढतो आणि उपयोग मात्र होत नाही: अल्कोहोल १० टक्क्यांच्या आसपास गेलं की पेशीच्या पडद्यावरचे वाहक अमोनियम आत घेणं जवळजवळ थांबवतात, आणि टाकलेलं नत्र रसात राहून पुढे दुसऱ्या सूक्ष्मजीवांच्या कामी येतं.